मडक्यातलं आंबवण

मंगळवार, मार्गशीर्ष. दिवेलागणीला.

आज बारा पाव भाजले, दोन खपले, उरलेले दहा शिपायांनी फुकट नेले. ते मडकं मात्र पुन्हा भुकेलं आहे.

फौजेनं शहर लुटल्यापासून अर्धी पेठ बंद पडलेली, आणि मला पावाची भट्टी घालायची अवदसा आठवली! सरदारांच्या घरचं शिवणकाम तीस वर्षांनी सुटलं, तेव्हा गप्प बसायचं. पण गोव्याच्या मठात ख्रिस्ती जोगिणींनी पाव करायला शिकवला होता, आणि वाटलं, तोफखान्यातले फिरंगी रोज घेतील. त्यांचे पगार थकले, ते निघून गेले. मी इथेच.

शेजारच्या राधाबाई आज म्हणाल्या, "अहो मारियाबाई, पाव खाऊन माणूस बाटतो. बंद करा ना ती भट्टी!"

"आणि उपाशी मेला की सोवळा राहतो, नाही का?"

बंद कशी करू? पाव फुगतो तो मडक्यातल्या आंबवणानं, आणि त्याला रोज मूठभर पीठ लागतं. एक दिवस चुकला की ते मेलं, आणि धंदाही. आज ठरवलं होतं, मरू दे एकदाचं. पीठ उरलं होतं ते माझ्या रात्रीच्या पोळीपुरतंच. पण झाकण काढलं, तर बुडबुडे येत होते. त्या मूर्खाला पेठेची दशा कुठे ठाऊक?

पीठ त्यालाच घातलं. आज जेवण त्याचं झालं.