दादाचा डावा अंगठा

गेवराई, पौष वद्य चतुर्थी, मंगळवार

आज कचेरीत पुलाच्या गुत्तेदारानं मुन्सफापुढं उर्दू कागद ठेवला. माझ्या थोरल्या भावानं लिहून दिलंय म्हणे, 'धोंडा माझ्याच चुकीनं पडला, दावा न्हाई.' खाली डाव्या अंगठ्याची ठसठशीत निशाणी. वर मलाच म्हणतो, "बघ बे, तुझ्या दादाचाच अंगठा हाय!" आन हसला.

मी गप बसलो. बोललो असतो तर कागद मागं घेतला असता त्यानं. आता तो दाव्याच्या मिसलीत, कागदांच्या गठ्ठ्यात, लागलाय.

कागदावर तारीख कालची. पुलाच्या कामावर दादाचा डावा पंजा चिरडला त्याला आठ दिवस झाले, आन अंगठा हकीमानं त्याच दिवशी कापला.

हस लेका, आजच्या दिवस हस. उद्या दादाला बैलगाडीत घालून नेतो, मुन्सफापुढं हाताचं फडकं सोडतो आन म्हणतो, "हुजूर, घ्या जुळवून."