खारातल्या कैऱ्या आणि पाचव्या क्रमांकाचा कॅन

डिंडोली, सुरत
९ जून १९९६

ती. आत्यास सुवर्णाचा नमस्कार.

मीठ जिभेला कळतं ते ठीक, पण पोटाला कसं कळतं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. आत्या, मला माहीत नाही. घरातली पहिली बी.एस्सी. म्हणून तू गावभर पेढे वाटलेस, त्या पेढ्यांना स्मरून सांगते, मी काम करते त्या प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांनाही पुरतं माहीत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? (मनीषावहिनी, हे आत्याला वाचून दाखवताना 'लघवी' आली की आवाज जरा खाली घ्या. ओट्यावर कोणी ना कोणी असतंच.)

माहीत आहे ते एवढंच: माणसाने मीठ तोंडाने घेतलं तर ते लघवीवाटे लवकर बाहेर पडतं. तेवढंच मीठ सलाईनमधून शिरेत सोडलं तर रेंगाळतं. म्हणजे मीठ पोचलं की आतडं मूत्रपिंडाला काहीतरी निरोप धाडत असणार. तसला एक रस परदेशात चारेक वर्षांपूर्वी सापडलाही. तसाच एक रस हृदयही सोडतं (हो, ते नुसतं धडधडत नाही). आता आतडं हृदयाला विचारून निरोप देतं की परस्पर, ते आम्ही शोधतोय. त्यासाठी सहा धडधाकट माणसं हवीत. पाच दिवस अळणी जेवायचं, रोजची सगळी लघवी कॅनमध्ये साठवायची, मग एक दिवस मिठाचं पाणी प्यायचं आणि पुढे एकदा तेवढंच मीठ सलाईनमधून. सहा जण पुरे झाले नाहीत तर काम बडोद्याला जाणार आणि मी घरी बसणार.

मी गल्लीत दारोदार फिरले. विज्ञानासाठी, म्हटलं, मानवजातीसाठी. पुष्पाबाई म्हणाल्या, "एवढं शिकून हेच गोळा करायला लावलं गं तुला?" शेवटी बाबा कापडाच्या लूमवरून आले आणि चारचौघांत म्हणाले, "पहिला कॅन माझा." मग लाजेकाजेस्तव आणखी पाच जण निघाले. (बाबांना क्रमांक मात्र पाचवा मिळाला, त्यावरून ते दोन दिवस रुसले होते.) रोज सकाळी सहा कॅन घेऊन मी रिक्षात बसायची. शेजारची बाई विचारायची, "घासलेट छे? कई दुकानेथी?" दुकान कोणतं, काय सांगणार!

चौथ्या दिवशी सगळ्यांच्या लघवीतलं मीठ उतरलं. बाबांचं चढलं. सर आधी माझ्यावर खेकसले, की कॅन बदलले असतील. मी दोन दिवस तेच तेच पुन्हा मोजलं. आकडा हलेना. मग सर एकदम खूश झाले. म्हणाले, सुवर्णा, या माणसाच्या आतड्यात काहीतरी नवीन आहे. मला तर रात्रभर झोप नाही, माझ्या वडिलांचं आतडं जगाला ठाऊक होणार!

दुसऱ्या दिवशी बाबांचा डबा द्यायला कारखान्यात गेले, तर धाग्याच्या बॉबिनच्या खोक्यामागे तुझी बरणी. खारातल्या कैऱ्या. अर्धी संपलेली.

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "मी मीठ नही खादं. कैरी खादी."

"बाबा, कैरी मिठातच मुरलीय!"

"ती ते आक्काना हातनी शे," ते म्हणाले. बहिणीने पाठवलेली बरणी तशीच ठेवायची, असलं तुझ्या सरांच्या कागदात लिहिलंय का, हेही विचारलं. तिथे महेशकाका लूम थांबवून हसत होते. मी बरणी काखेत मारली आणि घरी आणून फळीवर ठेवली.

आत्या, मी चिडले आहे. तुझ्यावर, बाबांवर, कैरीवर. पाच दिवस! माझे बाबा, ज्यांनी मला शिकवण्यासाठी डबल पाळ्या केल्या, त्यांना पाच दिवस धीर धरवत नाही? मोठ्यांना नमस्कार, वहिनींना आठवण.

तुझी,
सुवर्णा

ता. क. सरांना खरं सांगितलं. आकडा तसाच राहू दिला असता तर कोणाला कळलं नसतं, पण मग मी काय शिकले?  सरांनी पाचवा क्रमांक खोडला आणि नवीन माणसासाठी आठ दिवस दिले.

ता. क. खरी विनंती ही, की दिवाळीपर्यंत खारं काही पाठवू नकोस. बिबडे, सांडगे, काहीही. वर सगळा राग बाबांवर काढला, पण विनंती माझ्यासाठीच आहे. गल्लीतलं दुसरं कोणी तयार होईना, म्हणून आता पाचवा क्रमांक मी आहे आणि माझा कॅन सर स्वतः मोजतात. काल तिसरा दिवस होता. संध्याकाळी फळीखाली स्टूल होतं, बरणीचं झाकण उघडं होतं आणि आत गेलेला हात माझा होता. कैरी तोंडाशी आली होती, तेवढ्यात दारातून बाबा म्हणाले, "काय सुवर्णा, मीठ का कैरी?"

मी तशीच उतरून कैऱ्या गल्लीत वाटल्या, बरणी घासली, रिकामी परत करायची नसते म्हणून चलथाणच्या कारखान्यातल्या साखरेने भरली आणि आज सकाळी गावी निघालेल्या गणेशदादाबरोबर तुझ्याकडे पाठवूनही दिली.