बाळ्या तुझ्याजवळ नव्हता, काकी

प्रिय काकी,

काल तुझी तेरवी झाली. कटंगीतून शेवटचे पाहुणे आज तुमसरच्या बसनं गेले, आणि मी ओसरीत कागद घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या माहेरची पत्रं मीच वाचून दाखवायची. हे कोण वाचून दाखवणार?

तरी लिहिते, कारण काल मी तुझं खोटं उघडं पाडलं.

आठवतो तो श्रावण? मी तेरा वर्षांची. तुम्ही सगळ्या बांधीत वाकून धान रोवत होता, आणि तुझ्या चार वर्षांच्या बाळ्याला तू माझ्यापाशी ठेवून गेली होतीस. मोहाच्या झाडाखाली सावली होती. तुमची गाणी लांबून यायची, पुन्हा विरून जायची. पाणी चमकत होतं. माझे डोळे कधी मिटले कळलंच नाही. उघडले तेव्हा बाळ्या नव्हता.

बाबांनी त्याला शेताजवळच्या बोडीच्या पाण्यातून, कमळांच्या देठांतून सोडवून आणलं. तोवर तो गेला होता.

त्यानंतर माझी वाचा गेली. माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे. शाळा सुटली. आई ताट सरकवायची, पण माझ्याकडे बघायची नाही. झोपेत मात्र बाळ्या यायचा, चिखलाचे बैल करत बसायचा. "कुठं जाऊ नको," मी म्हणायची. स्वप्नात मला बोलता यायचं.

महिन्याभरानं तू माझा हात धरून मला बोडीवर नेलंस. "मले एकटीले जाववत नाही. तू चाल," म्हणालीस. पाण्याकाठच्या पाळीवर किती वेळ बसलो आपण? मग तू विचारलंस, "काय झालतं, सुमे?"

"काकी, मी झोपली होती."

महिन्याभरातले माझे पहिले शब्द. तू कमळं बघत राहिलीस. मग माझे केस मागे सारून म्हणालीस, "लेकरूच होती तू बी."

घरी येऊन तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "बाळ्याले मीच आपल्याजवळ बलावलं होतं. माह्यं ध्यान नव्हतं. सांगाची हिंमत नाही झाली. पोरीले आता कोणी बोलू नका."

काहून केलंस असं? मला विचारलंही नाहीस. त्या दिवशी आईनं मला जवळ घेतलं, मी शाळेत परत गेले, शिकले, बालाघाटात मास्तरीण झाले. आणि काका तुझ्याशी मोजकंच बोलायला लागले. सोळा वर्षं. मला सगळं दिसत होतं, तरी मी गप्प राहिले. निदान एकदा तरी माझ्यावर रागवायचं होतंस.

काल पंगतीत कोणीतरी म्हणालं, "बाई चांगली होती, पण सोताचं लेकरू नाही सांभाळता आलं तिले." मी वाढता वाढता थांबले.

"लेकरू माह्यापाशी होतं," मी म्हटलं. "मी झोपली होती. काकी खोटं बोलली."

काका पत्रावळीकडे बघत राहिले. "मले तरी सांगाचं होतं तिनं," एवढंच म्हणाले आणि रडले. आज सकाळपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. बोलतील की नाही, माहीत नाही.

पण मी इथून पळणार नाही, काकी. सुट्टी वाढवून घेतली आहे. ते विचारतील तेव्हा ती दुपार पहिल्यापासून सांगेन. आणि या घरात इतकी वर्षं कोणी न घेतलेलं बाळ्याचं नाव, मी रोज घेईन.

तुझी,
सुमी