दुसऱ्याच्या हातचं सूत

गुरुजी, परवा नालवाडीच्या या घरात ट्रंक आवरताना तुमची टकळी सापडली. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात फिरतोय. तुम्ही ओळखलं होतं की नव्हतं? तुम्ही होतात तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आता धीर आहे, तर तुम्ही नाही.

आंजीच्या शाळेत सूतकताईचा तास तुमचा. माझा धागा इथे सुतळीएवढा जाड, तिथे दिसेनासा बारीक, आणि दर हातभर तुटलेला. "तोंडाची टकळी चालते तुयी, हातची काऊन नाई चालत?" असं तुम्ही म्हणायचात आणि सगळा वर्ग हसायचा. पाचवीत मी कंटाळून ताईनं कातलेली लडी माझी म्हणून दिली. तुम्ही ती उजव्या हाताच्या दोन बोटांत नुसती फिरवलीत आणि परत केलीत. "हे तुया हातचं नाई. तुटकं आणजो, पण आपलं आणजो." मारलं नाहीत, म्हणून जास्त लागलं. वर्गातल्या चाळीस पोरांचं सूत तुम्हाला डोळे मिटून ओळखता यायचं.

पुढे मी देवळीला शिक्षिका झाले. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील, शिक्षकांच्या देवाणघेवाणीत दोन महिने डेन्मार्कला जायला माझी निवड झाली. तुम्ही एसटी स्टँडवर आलात. रुमालात बांधलेली टकळी आणि पिंजलेल्या कापसाचे पेळू माझ्या हातात दिलेत. वर्ध्याची बाई म्हटल्यावर ते लोक सुताचंच विचारतील, असं तुमचं म्हणणं. शाळा सुटल्यापासून मी टकळीला हात लावला नव्हता, हे तिथेच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

आणि झालंही तसंच. तिथल्या शाळेचा मोठा हॉल, मी मध्यभागी खुर्चीवर बसलेय, शंभर पोरं बघतायत. धागा निघतो, तुटतो. पाच वेळा तुटला. प्रत्येक वेळी पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तुटला की टाळ्या वाजवायच्या असतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी ज्या बाईंकडे उतरले होते त्याही शिक्षिकाच, साठीच्या पुढच्या. त्यांची आजी लोकर कातायची. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी टकळी मागितली. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही मोडकंच. मी तुमचं बोलणं आठवेल तसं सांगत गेले. पेळू दाबायचा नाही, धागा ओढायचा नाही, त्याला येऊ द्यायचं. तीन दिवस त्यांचाही तुटला. चौथ्या दिवशी असा एकसारखा निघाला की मला आनंद व्हावा की हेवा वाटावा, समजेना. कापूस वर्ध्याचा, शब्द तुमचे, बोटं त्या बाईंची. मग त्यात मी कुठे होते? निघताना त्यांनी ती लडी बांधून माझ्या हातात ठेवली.

परत आले तर तुम्ही बाजेवर. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली. पहिला प्रश्न तोच, "कातलं का तिथं?" मी हो म्हणाले आणि लडी पुढे केली. पाचवीतली पोर परवडली. तिला निदान भीती तरी वाटली होती. तुम्ही लडी डाव्या हातात घेतलीत, दोन बोटांत फिरवलीत. बराच वेळ. मग छताकडे बघत म्हणालात, "आता तुयं सूत तुटत नाई वं." आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलात.

त्या डाव्या बोटांना कळलं नाही, की कळून तुम्ही सोडून दिलंत? कधी वाटतं, एका आजारी माणसाला मी फसवलं. कधी वाटतं, मीच फसले, तुम्ही मला न रागावताच गेलात. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मुलानं उशीखालून ती लडी काढली. आपल्याकडे पाहुण्याला सुताचा हार घालतात तशी ती तुमच्या गळ्यात घालायची होती. तो म्हणाला, "बाबानं सांगून ठेवलं होतं, देवळीच्या बाईच्याच हातानं घालजा." मी घातली आणि घाईनं मागे सरले. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच, पण मला भीती वाटत होती की तुम्ही आत्ता डोळे उघडाल.

परवा खाली मांडी घालून कातायला बसले. तासाभरात तीन तुकडे निघाले, एकही वीतभर नाही. ते या कागदाच्या घडीत ठेवलेत. कागद टकळीसोबत ट्रंकेतच राहील. तुटके आहेत, पण माझे आहेत, गुरुजी. पेळू मात्र विकतचे आणले.