ओढ्यापलीकडची सही

प्रिय ऑर्विल,

रविवारच्या जेवणाला तू आला नाहीस, म्हणून तुझ्या वाटणीचा ॲपल पाय पाद्रीबाबांनी संपवला. तू रुसला आहेस हे सगळ्या चर्चला ठाऊक झालंय. गेल्या आठवड्यात आपल्या नव्या पक्षाच्या अर्जावरची तुझी सही बाद झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा टोपी उचलून निघता निघता तू जे पुटपुटलास ते ग्रेटाने ऐकलं आणि गावभर केलं. "तीस वर्षं एका बाकावर बसतोय, आणि आता सरकार म्हणतं एका कागदावर बसायचं नाही!" लोक हसले, पण मला काही हसू आलं नाही.

राग आला की तू घरात बसतोस आणि मी चौकशीला निघते. मी काउंटीच्या निवडणूक कचेरीत गेले आणि तिथल्या कोरीनला विचारलं, बाई गं, माणूस खरा, सही खरी, मतदार यादीत नावही आहे, मग खोट कुठे? ती म्हणाली, "हॉगनबाई, कागद आपल्या काउंटीचा आणि माणूस ओढ्यापलीकडच्या काउंटीचा. एका कागदावर एकाच काउंटीचे मतदार चालतात." चूक आपलीच. चर्चच्या जेवणात बटाट्याच्या भांड्यामागोमाग आपण कागद फिरवला, ज्याने वाढून घेतलं त्याने सही केली. चर्च अलीकडे, निम्मी माणसं पलीकडची. त्या ओढ्यात आपण मासे धरले, गुरं पाजली, पण तिथून हद्द जाते हे कुणाच्या डोक्यात येणार?

मग मला उत्सुकताच लागली. म्हटलं, त्या दोन जुन्या पक्षांना का नाही असा त्रास? कोरीन म्हणाली, त्यांना गेल्या खेपेला भरपूर मतं पडली, त्यामुळे त्यांचं पान वाढलेलंच असतं. नव्या पक्षाने आधी पुरेशा सह्या दाखवायच्या, तेव्हा कुठे प्राथमिक निवडणुकीत त्याला आपला उमेदवार निवडायला मिळतो. मला हे एका परीने पटलं सुद्धा. नाहीतर ग्रेटा दर आठवड्याला एक पक्ष काढेल.

पण आपला पक्ष काही हौसेचा नाही. आपल्या इस्पितळातला प्रसूतीचा विभाग बंद झाला आणि माझ्या लेकीचं, लेनाचं बाळ गव्हाच्या शेताकडेला गाडीत जन्मलं. दोघं वाचली, हे नशीब. दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं आली, माना हलवल्या, कॉफी पिऊन गेली. लेनाला पुन्हा दिवस गेलेत, ऑर्विल. मला रात्री झोप येत नाही.

तुमच्या बाजूचे वेगळे कागद आता तयार आहेत, ते ग्रेटाच्या भावाकडे ठेवलेत. मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि थोड्याच सह्या कमी पडताहेत. पण तुमच्या रस्त्यावरची माणसं तुझ्या तोंडाकडे बघतात. त्याने नाही केली, मग आपण कशाला, असं म्हणतात. तुझा रुसवा आपल्या सगळ्यांना महाग पडेल.

कोरीनला मी निघताना आणखी एक विचारलं. एखाद्याने पलीकडे सही केली आणि नंतर तो अलीकडे राहायला आला, तर सही टिकते का? ती म्हणाली टिकते, सही केली त्या दिवशी तो कुठला मतदार होता तेवढंच बघतात. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "कोण येतंय हो अलीकडे?" मी म्हटलं, कुणी नाही, सहज विचारलं. पण तुझ्याकडे ताकाला येऊन भांडं कशाला लपवू? वसंतात कुंपण दुरुस्त करताना तू म्हणालास, दोघांना दोन चुली कशाला, आणि मी तारेचा विषय काढला. हॅरल्ड गेल्यापासून घरात दुसऱ्या कुणाच्या बुटांचा आवाज ऐकायची मला भीती वाटत होती. हल्ली तो आवाज नाही याचीच जास्त वाटते. तेव्हा माझं उत्तर हो आहे. फक्त क्रम चुकवू नकोस. आधी तिकडे सही कर आणि मग सामान बांध. उलट केलंस तर पुन्हा बाद होशील.

ओढ्याच्या अलीकडून, वाट बघणारी
तुझीच,
सिग्नी