कोदंडबाबूंवर पडलेलं चाळीस लिटर दूध

लंकापेटा, गुरुवार

तीर्थरूप पेरय्या बावगारू यांच्या चरणी धाकटे मेहुणे गंगाधरम यांचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा, वहिनींचा दमा आणि नारळाच्या बागेतली वानरं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इथे मी ठीक. आपली बहीण मंगतायारु गेल्या शुक्रवारी पहाटेच्या बसने आपल्याकडे आली, तेव्हा तिची खुशाली आपणच मला कळवाल. हे पत्र तिला परत बोलावण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण आपल्या कानावर तिचीच बाजू गेली असेल (ती गप्प बसली असेल, तर तेही सांगण्यासारखंच असतं), म्हणून माझी लिहितो.

जनज्वाला कोदंडबाबूंच्या चाहता संघाचा मी बावीस वर्षं अध्यक्ष आहे, हे आपल्याला माहीत आहे. (आमच्या लग्नात मंगळसूत्र बांधायला मला उशीर का झाला, हेही माहीत आहे. पहिला खेळ उशिरा सुटला.) त्यांचे एकाहत्तर पिक्चर आले. दोन पडले, तेव्हा थिएटर रिकामं दिसू नये म्हणून आम्ही ते अकरा-अकरा वेळा बघितले. गेल्या वर्षी त्यांनी पक्ष काढला आणि आम्ही निश्चिंत झालो. ज्या माणसाने पडद्यावर चौदा मंत्री तुरुंगात घातले, त्याला पंधरावा काय जड? मंगतायारु तव्यावर मुगाचा पेसरट्टू उलटता उलटता म्हणाली, "पडद्यावर सगळे एकाच बाजूला तोंड करून बसतात. मतदार तसे बसतात होय?" मी दुर्लक्ष केलं.

मागच्या बुधवारी त्यांची आमच्या गावात पहिली सभा होती. आमच्या चहा-पेसरट्टूच्या दुकानासमोरच्या चौकात मी बाबूंचं पन्नास फुटी कटाऊट उभं केलं, वर शिडी लावली आणि दुग्धाभिषेकासाठी चाळीस लिटर दूध जमवलं (त्यात दुकानाच्या चहाचंही होतं, हे मान्य). दुकानातला एक बाक धुऊन, टॉवेल अंथरून बाबूंसाठी राखून ठेवला. सभेला तास असताना बघतो तर त्या बाकावर एक टक्कल पडलेला, चष्मेवाला म्हातारा पेसरट्टू खात बसलेला. मी म्हटलं, "पेद्दय्या, उठा. हा बाक कोदंडबाबूंचा आहे." तो म्हणाला, "मीच कोदंडबाबू." बावगारू, आपण काय केलं असतं? मीही हसलो. म्हटलं, असाल तर तो कोर्टातला संवाद म्हणून दाखवा. त्याने म्हटला. शब्दन् शब्द बरोबर, पण आवाज ताटली घासल्यासारखा. त्यांच्या पिक्चरमधला तो गडगडाट तीस वर्षं दुसराच कोणी माणूस देतो, हे अध्यक्षाला कोणी सांगायला नको का? मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि पेसरट्टूचं पान हातात देऊन रस्त्यापलीकडे सावलीत उभं केलं. सावली कटाऊटची होती. मंगतायारु मला खूण करत होती. मला वाटलं, चटणी संपली.

मग मी शिडीवर चढलो. दोरीने बादल्या वर आल्या, बँड सुरू झाला, मी दूध ओतलं. कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर (पेंटरने हनुवटी पुढे काढली होती, पन्हाळीसारखी) आणि तिथून थेट त्या म्हाताऱ्याच्या टकलावर. त्याने वर पाहिलं आणि रागाने डावा पाय जमिनीवर आपटला. एकाहत्तर पिक्चरमध्ये मध्यंतराआधी आपटतात, अगदी तसा. मी ओळखलं आणि हात जोडले. हातात बादली होती, ती सुटली. डोक्यात पडली नाही, खांद्यावर पडली.

मंगतायारुने त्यांना आत नेलं, डोकं पुसलं, गरम पेसरट्टू दिला. त्यांनी तिला गावाचं विचारलं. गटार कुठे तुंबतं, नळ कधी येतो, दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून किती वेळा दिसतो, सगळं तिने सांगितलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. मी दारात ओला उभा होतो. नंतर मी तिला विचारलं, तू कसं ओळखलंस? म्हणाली, "मान वळवताना ते कान चाचपतात. तुम्ही शिट्ट्या मारता, मी बघते."

तर असं आहे. चहाचं दूध वापरलं म्हणून ती रागावून गेली. मी माघार घेणाऱ्यातला नाही. सातव्या वॉर्डात आमचा पक्ष निवडून आणल्याशिवाय मी मिशी कोरणार नाही. वहिनींना नमस्कार.

आपला,
गंगाधरम

ता. क. दूध हे कारण नव्हतं. सभेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पक्षाचा माणूस सातव्या वॉर्डाच्या उमेदवारीचा कागद घेऊन आला. त्यावर मंगतायारुचं नाव होतं. मी म्हटलं, लिहिण्यात चूक झाली, अध्यक्ष मी आहे. आणि ते खोडून माझं घातलं. ती मूग वाटत होती. तिने हात धुतले, पिशवी भरली. सोमवारी कागद परत आला. वर बाबूंच्या हातचं: "बादलीवाला नको. ती बाई, नाहीतर कोणी नाही."

ता. क. रविवारी मी त्यांचा पिक्चर बघितला, एकटा, शिट्टी न वाजवता. खरंच कान चाचपतात. बावीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून बघत होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की तुला काय दिसलं. मला लाज वाटली, हे तिला वाचून दाखवा.

ता. क. अर्ज येत्या मंगळवारी दुपारपर्यंत भरायचा आहे, सही तिचीच लागते. चाहता संघ मोडून तिचा प्रचार संघ केला आहे. दूध नाही, कटाऊट नाही, असा ठराव झाला. (ठरावाआधी पेंटरने कटाऊटवरच्या बाबूंना हिरवी साडी नेसवली होती. रंगाचे तीन हात देऊनही मिशी वर येते. ते अजून चौकातच आहे, तिला दिसू नये म्हणून कालव्याच्या बाजूने आणा.) पेसरट्टू मी लावतो आहे. गिऱ्हाईकं बसतात, तिची चौकशी करतात आणि उठून जातात. सोमवारी मूग भिजत घालीन आणि मंगळवारी पहाटे मीच वाटीन. मला सवय करायला हवी. वॉर्डाच्या बैठका सकाळीच असतात.