गुरुवारच्या चहावर गावसभा

हॅम्लिनफर्ड, मॅसॅच्युसेट्स
१२ जानेवारी १७७४

ती. केटुराताईस,
असाहेलचा कृ. सा. न. वि. वि.

ज्यांच्या शुश्रूषेला तू सेलमला गेलीस, त्या आत्याबाईंचा खोकला उतरला का? काल गावसभा झाली. आपल्याला न विचारता विलायतेचं पार्लमेंट चहावर कर बसवतं म्हणजे काय, म्हणून सगळा गाव तापला होता. यापुढे इथे कुणी चहा विकायचा नाही, प्यायचा नाही, असा ठराव झाला. लिहून लिहून माझं, गावाच्या चिटणिसाचं, बोट सुजलंय.

राग मानू नकोस, पण सगळ्यांत घसा फोडून कोण बोललं असेल? तुझा चक्कीवाला इनॉक स्टो! बाकावर चढून म्हणाला, चहा म्हणजे विष, थेंबभरही गावात नको. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही मेल्याच्या! तुझी किटली मी माळ्यावर टाकलीय.

माया पातळ करू नकोस.
असाहेल

सेलम, २० जानेवारी

चि. असाहेल यास,
अ. उ. आ.

किटली आधी खाली काढ! त्या करापायी मी चहा सोडीन, कुरकुरणारसुद्धा नाही. पण विष? सहा वर्षं दर गुरुवारी माझ्या चुलीपुढे बसून तीन-तीन कप विष ढोसलं का त्याने? मी विधवा बाई, लोकांची पर्वा न करता दार उघडत राहिले. आज मागणी घालील, उद्या घालील म्हणून वाट पाहिली. आता येण्याचं निमित्तच त्याने बुडवलं, म्हणजे मीही नको झाले.

यापुढे येणार की नाही, सरळ विचार त्याला. नाही म्हणाला, तर मी इथेच राहते. घराला कुलूप घाल. मी रडले, हे सांगू नकोस.

आशीर्वाद आहेच, राग तुझ्यावर नाही.
ताई

हॅम्लिनफर्ड, २९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. रडलीस, हेही सांगून टाकलं. तो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. अगं, त्याला चहा कधीच सोसला नाही! तू कौतुकाने ओतायचीस, नाही म्हणवेना. कप रिकामा केला की तू पुन्हा भरायचीस. दर गुरुवारी मागणी घालायचं ठरवून यायचा आणि नेमका तेव्हाच पोटात मुरडा येऊन घरी पळायचा. सभेत ठरावाला त्याने दोन्ही हात वर केले होते. मी एकच मोजला.

येत्या गुरुवारी बर्फावरची घसरगाडी जोडून तो तिकडे येतोय. कृपा कर, त्याचं बोलून होईपर्यंत त्याला काही पाजू नकोस.

तुझाच,
असाहेल

सेलम, ४ फेब्रुवारी

चि. असाहेल,
अ. उ. आ.

काल आला. तासभर पाणीसुद्धा दिलं नाही. विचारलं बाई एकदाचं! लग्नाची सूचना सभागृहाच्या दारावर लाव.

तुझी,
ताई